देशोदेशींचे व्यवहार : मावळचा जामीन आणि टोपीकरांचा तहनामा

सतराव्या शतकातील मावळात, विशेषतः भोर आणि वेल्ह्याच्या खोऱ्याखोऱ्यांतून, वतनाचा किंवा शिवेचा तंटा उभा राहिला की देशमुख-देशपांडे, पाटील-कुलकर्णी, शेटे-महाजन आणि बलुतेदार एकत्र बसत, उभय पक्षांच्या साक्षी घेत, प्रसंगी बेलभंडार उचलवीत किंवा उकळत्या तेलातून रवा काढण्याचे दिव्य करवीत, आणि त्यानंतर जो महजर लिहिला जाई त्यावर पाटील नांगराची व इतर आपापल्या हत्यारांची निशाणी करीत. कागद होता, दफ्तर होते, शिक्के होते. तथापि निवाडा टिके तो निशाण्या करणारी माणसे आणि त्यांची लेकरे उद्याही त्याच पांढरीत नांदणार म्हणून. जो मोडेल तो गोताला मुकेल, ही भीती कोणत्याही कलमापेक्षा मोठी होती.

या व्यवस्थेत मध्यस्थाच्या शब्दाचे मोल किती होते, हे उत्रोळीच्या खंडोजी खोपड्यांच्या कथेवरून कळते. अफजलखानाच्या स्वारीत ते खानास मिळाले आणि पुढे कारीच्या कान्होजी जेधे यांच्या रदबदलीचा आश्रय घेऊन शिवाजी महाराजांसमोर आले. कान्होजींचा शब्द गेलेला असल्यामुळे महाराजांनी त्यांचा प्राण घेतला नाही, परंतु एक हात व एक पाय कलम करविला, असे सांगतात. शिक्षा झाली, पण मध्यस्थाचा शब्दही सर्वस्वी पडला नाही. या तडजोडीत दिसणारे तारतम्य आजच्या कायदेपंडितास विक्षिप्त वाटेल. मला तर त्यात एका संपूर्ण व्यवहारशास्त्राचे बीज दिसते.

आता या समाजापुढे इंग्रजांची कंपनी येऊन उभी राहिली. तिला गोत नव्हते, गाव नव्हते, आणि जामीन राहण्यास भाऊबंदही नव्हते. वखारवाले दर काही वर्षांनी बदलत, कित्येक इकडच्या हवेने मरत. परंतु कंपनी स्वतः मरत नसे आणि विसरतही नसे. पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरास इंग्रजांनी साह्य केल्यामुळे १६६१ मध्ये महाराजांनी त्यांची राजापूरची वखार लुटली, त्या नुकसानभरपाईचा तगादा पुढे एक तपाहून अधिक काळ चालू राहिला. मावळात स्मरण माणसांत राहत असे. येथे ते वहीत राहत होते.

राजधानी राजगडावरून रायगडावर गेल्यानंतर, १६७४ च्या राज्याभिषेकासमयी, हेन्री ऑक्सिंडेन हा कंपनीचा वकील म्हणून गडावर आला. मुंबईकर इंग्रजांनी सिद्ध केलेल्या कलमांत राजापूर, दाभोळ, चौल आणि कल्याण येथे वखारी, तसेच आयात मालावर शेकडा अडीच जकात अशा मागण्या होत्या, आणि त्या बहुतांशी मान्यही झाल्या. (या मुक्कामात मंडळींनी इतके बोकड फस्त केले की, हे असामान्य गिऱ्हाईक डोळ्यांनी पाहावे म्हणून म्हातारा खाटीक गड चढून आला, अशी गंमत इंग्रज डॉक्टर फ्रायरने लिहून ठेवली आहे.) अडले ते दोनच ठिकाणी. कंपनीचे नाणे स्वराज्यात चालावे, या मागणीवर महाराजांचे उत्तर असे की, कोणत्याही नाण्यास मज्जाव नाही, परंतु ज्यात रयतेचे नुकसान होईल ते घेण्याची सक्ती तिच्यावर करता येणार नाही. वजन आणि कस इतरांच्या नाण्याइतका असेल तर ते चालेल. दुसरी मागणी वादळाने किनाऱ्यास लागलेली जहाजे व माल परत मिळण्याची होती. तीवर उत्तर आले की, हे कोकणच्या दस्तुराविरुद्ध आहे, आणि एकास दिले तर फ्रेंच, डच सारेच मागतील.

या दोन नकारांकडे बारकाईने पाहण्याजोगे आहे. इंग्रज विचारीत होता की सरकार काय हुकूम देईल; उत्तर मिळत होते की बाजाराची व किनाऱ्याची जी चाल आहे ती मोडण्यास सरकारही सहजी धजत नाही. यावरून पूर्वेकडे रूढी आणि पश्चिमेकडे करार अशी ठोकळेबाज विभागणी करणाऱ्यांनी मात्र जरा थांबावे. खुद्द इंग्लंडात किनाऱ्यास लागलेला माल राजाचा होई. १२७५ च्या वेस्टमिन्स्टरच्या कायद्याने एवढीच सवलत दिली होती की माणूस, कुत्रा वा मांजर जिवंत सुटले असेल तर त्या जहाजाला फुटके गलबत समजू नये. म्हणजे जी रूढी ऑक्सिंडेनला कोकणात जाचली ती त्याच्या घरीही होती; फक्त परदेशी व्यापाऱ्याला ती आपल्यासाठी कलमाने बाजूस सारून हवी होती.

कंपनीला गोत नसले तरी पाठीशी राजा आहे, हे ज्यांनी अचूक ओळखले त्यांत रामचंद्रपंत अमात्यांचे नाव अग्रभागी येते. राजाराम महाराज जिंजीस असताना अमात्यांबरोबर राज्याचा भार वाहणारे शंकराजी नारायण सचिव हेच भोरच्या पंतसचिव घराण्याचे मूळपुरुष, आणि त्या संस्थानाचा आरंभ १६९७ चा मानतात. अमात्यांच्या आज्ञापत्रात सावकारास राज्याचे भूषण मानले आहे, पण टोपीकरांची, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांची, गणना त्यांच्यात केलेली नाही : हे हट्टी, आरमाराचे व दारूगोळ्याचे बळ असलेले, आपापल्या राजांच्या हुकमाने वागणारे, तेव्हा यांस खाडीच्या मुखाशी वा किल्ल्याजवळ जागा देऊ नये, पक्की इमारत बांधू देऊ नये. जपानने डचांना १६४१ पासून नागासाकीच्या देजिमा बेटावर कोंडले त्यामागे काहीसा असाच विचार दिसतो. जपानला तो अंमलात आणता आला. आपल्याकडे तो ग्रंथात राहिला.

स्वातंत्र्यानंतरही हा कागद-माणसांचा झगडा वेल्ह्यात मिटलेला नव्हता. आंबी नदीवर पानशेतचे धरण बांधले जात असता (१२ जुलै १९६१ रोजी ते फुटले आणि पुण्यात हाहाकार उडाला, हे सर्वश्रुत आहे) खोऱ्यातील बुडीत जमिनींचा मोबदला हिशेबला गेला तो सात-बाराच्या उताऱ्यावरून. तेथे खातेदाराचे नाव होते, क्षेत्र होते, आकार होता. परंतु ज्या लोहाराला, सुताराला, न्हाव्याला त्याच शेताच्या खळ्यावरून पिढ्यान्‌पिढ्या बलुते मिळत आले, त्याच्या त्या हक्काची नोंद उताऱ्यात कधी झालीच नव्हती. ती ज्यांच्या तोंडी होती ते गावकरी साक्षीला उभे राहण्याजोगे एके ठिकाणी उरले नाहीत.