चवदार तळ्याचा कायदा आणि नीती

महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळभर पाणी प्राशन केले तेव्हा त्यांनी कायदा मोडला, असे मोठ्या आदराने सांगणारे लोक आजही भेटतात. त्यांचा आदर रास्त आहे, परंतु माहिती चुकीची आहे. सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ साली मंजूर केला होता आणि त्यास अनुसरून महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये हे तळे अस्पृश्यांस खुले केले होते. त्या दिवशी मोडली ती केवळ रूढी. अपराध केला तो परिषदेहून परतणाऱ्या प्रतिनिधींवर लाठ्या घेऊन तुटून पडलेल्यांनी.

जे कायद्याने निषिद्ध नाही ते नीतीस मान्यच असणार, हा समज याहून खोल रुजलेला आहे. पोलादपूरच्या खोऱ्यातून सरकारी टपाल अथवा वसुलीचा भरणा घेऊन महाडच्या कचेरीत येणारा वतनदार महार डोळ्यांसमोर आणावा. त्याच तळ्यावर मुसलमान, ख्रिस्ती पाणी भरीत, गुरेही तोंड लावीत, आणि सरकारचेच काम करून दमलेल्या या माणसास मात्र घोटभर पाण्यासाठी महारवाड्यातली विहीर गाठावी लागे. त्याला तहानलेला ठेवणे हा देशभर फौजदारी गुन्हा ठरला तो संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदास अनुसरून झालेल्या १९५५ च्या अधिनियमाने. त्यापूर्वीची त्याची तहान काय कमी अन्यायाची होती?

ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला. पण जुलैत जे पाणी पिणे न्याय्य होते ते ऑगस्टात पाप झाले, असे कोणता विवेकी मनुष्य म्हणेल? डिसेंबरात दिवाणी कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला, तेव्हा सत्याग्रहासाठी जमलेल्या हजारोंना बाबासाहेबांनी आवरले. हुकूम पाळणे म्हणजे त्यातील अन्याय कबूल करणे नव्हे, हे त्यांच्या वर्तनातून मला जितके स्पष्ट दिसते तितके कोणत्याही ग्रंथातून दिसलेले नाही. कारण ज्या परिषदेत त्यांनी तळ्यावर जाणे स्थगित केले, त्याच परिषदेत २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले.

शेवटी न्यायालयाने अस्पृश्यता अनीतिमान ठरवली, असेही सांगण्यात येते. वस्तुतः मुंबई हायकोर्टापुढील प्रश्न वहिवाटीचा होता. अस्पृश्यांना मज्जाव करण्याची वहिवाट अनादि असल्याचे वादी सवर्णांना सिद्ध करता आले नाही, म्हणून त्यांचे अपील फेटाळले गेले. तो फैसला १७ मार्च १९३७ चा. त्या ओंजळीस दहा वर्षे पुरी होण्यास तीन दिवस उरले होते.