फौजदार खाशाबा जाधव : पदकानंतरची गोष्ट

कुपवाडच्या एमआयडीसीच्या रस्त्याला पहाटे पाचला गेलात, तर रात्रपाळी संपवून घरी परतणारे कामगार भेटतात आणि त्यांच्या अंगावरून धावत जाणारी पोरे-पोरी भेटतात. ही पोलीस भरतीची तयारी. आपल्या वस्तीतली मुलेही त्यात आहेत, आणि आता मुलीही. मागच्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर त्यातल्याच एका मुलीने विचारले, "काका, खेळात नाव काढून पोलिसात साहेब झालेला आपल्या भागातला कोणी आहे का हो?"

आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा दादासाहेब जाधव. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळातले पहिले ऑलिम्पिक पदक मिळवून देणारे. ते आपल्या समाजातले नव्हेत, शेतकरी घरातले. पण गरिबाच्या पोराच्या अंगात गुण असला तरी वाटेत काय काय आडवे येते, हे समजून घ्यायला त्यांच्याइतके चांगले उदाहरण आपल्या मुलुखात दुसरे नाही.

जन्म १५ जानेवारी १९२६. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. कुस्तीचे धडे घरातच मिळाले. कराडच्या टिळक हायस्कुलात शिक्षण झाले आणि पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. राजर्षी शाहू महाराजांनी ज्या कोल्हापुरात १९०२ साली मागासलेल्यांसाठी निम्म्या जागा राखल्या, १९१२ साली खासबागचे मैदान उभे केले आणि १९२० साली माणगावच्या परिषदेत बाबासाहेबांची आपले पुढारी म्हणून ओळख करून दिली, तेच हे कोल्हापूर. मात्र त्या काळी गावोगावच्या तालमीचा उंबरा आपल्या पोरांना ओलांडता येत नव्हता, हेही सांगितले पाहिजे. आजोबांच्या पिढीत अंगात बळ असलेले पैलवानगडी कमी होते का? पण माती त्यांची नव्हती.

१९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने खाशाबा लंडनच्या ऑलिम्पिकला गेले. मातीत लढलेला गडी तिथे पहिल्यांदा गादीवर उतरला आणि सहावा आला. परत आल्यावर त्यांनी चार वर्षे घाम गाळला.

१९५२ च्या हेलसिंकीसाठी निवड चाचणी मद्रासला झाली. तिथे एका गुणाने त्यांना मागे टाकण्यात आले. दुसरा कोणी असता तर नशिबाला बोल लावून गावी आला असता. खाशाबांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा कुस्ती लागली, आणि ज्या निरंजन दासला पुढे केले होते त्याला खाशाबांनी चीत केले. पंचांच्या निकालावर दाद मागता येते आणि मागावी, ही गोष्ट आपल्या पोरांनी नीट लक्षात ठेवावी. अर्ज करायला लाजू नये.

निवड झाली, पण पैसे कुठून आणायचे? गावाने वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून ७००० रुपये दिले. विद्यार्थ्यासाठी घर गहाण टाकणारे गुरुजी! पदक घेऊन परत आल्यावर खाशाबांनी आधी काय केले, तर कुस्त्यांची मैदाने भरवली आणि त्या पैशातून सरांचे घर सोडवले.

हेलसिंकीत त्यांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. मग जपानच्या इशीशी लांबलेली लढत झाली. ती हरल्यावर लगेच रशियाच्या ममदबेयोवशी उतरायला सांगण्यात आले. दोन लढतींमध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता. पण तो नियम बोलून दाखवायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. दमलेले खाशाबा हरले. २३ जुलै १९५२ रोजी कांस्यपदक गळ्यात पडले. अधिकारी हजर असता तर? कोणी सांगावे. बाबासाहेब आयुष्यभर प्रतिनिधित्वाचा आग्रह का धरत होते, ते मला या अर्ध्या तासावरून जितके कळले तितके मोठमोठ्या भाषणांतून कळले नव्हते. नियम पुस्तकात असून भागत नाही. तो वापरायला तुमचा माणूस त्या खोलीत असावा लागतो.

कराड स्टेशनापासून गोळेश्वरपर्यंत १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पायी पंधरा-वीस मिनिटांच्या वाटेला तासन्‌तास लागले. हे वाचताना माझे मन दुसऱ्याच स्टेशनावर गेले. त्याच कराड तालुक्यात, त्याच रेल्वेमार्गावर मसूर आहे. १९०१ साली लहानगा भीमराव भावंडांबरोबर वडिलांकडे गोरेगावला जायला मसूरला उतरला, तेव्हा जात कळताच एकही गाडीवान त्यांना गाडीत घेईना. शेवटी दुप्पट भाडे घेऊन एक तयार झाला, तोही गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर. आपण गाडीत बसलो तर विटाळ होईल म्हणून तो शेजारून पायी चालला. मिरवणूक खाशाबांच्या कष्टाची होती, तिचा आनंद आपल्यालाही आहे. पण मसूर विसरून कराड आठवता येत नाही.

पुढचा भाग मात्र मिरवणुकीचा नाही. १९५५ साली खाशाबा पोलीस खात्यात फौजदार म्हणून लागले. गुडघा दुखावल्याने १९५६ च्या मेलबर्नला जाता आले नाही. खात्याच्या स्पर्धा त्यांनी जिंकल्या, क्रीडा प्रशिक्षक म्हणून पोरांना तयार केले. २७ वर्षे नोकरी करून सहाय्यक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. देशाला पदक दिलेल्या, वर्दीत आयुष्य घातलेल्या या माणसाला पेन्शनसाठी झगडावे लागले. शेवटची वर्षे ओढगस्तीत गेली. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. मागे पत्नीलाही मदतीसाठी वणवण करावी लागली.

अर्जुन पुरस्कार मिळाला, पण मृत्यूनंतर सोळा-सतरा वर्षांनी. पद्म पुरस्कार हयातीत मिळाला नाहीच. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचे नाव दिले गेले. वैयक्तिक खेळात भारताला पुढचे पदक १९९६ साली लिअँडर पेसने आणले, म्हणजे ४४ वर्षांनी.

हे सारे ऐकून त्या मुलीचा चेहरा उतरला. मी म्हटले, "अगं, मी तुला भिववत नाही." मग आम्ही कामाचे बोलायला बसलो. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. पण नुसते प्रमाणपत्र दाखवून चालत नाही, ते क्रीडा खात्याच्या विभागीय उपसंचालकांकडून पडताळून घ्यावे लागते. भरतीची जाहिरात आल्यावर धावपळ करण्यापेक्षा ते आधीच करावे. जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमीलेअर कोणाला लागते नि कोणाला नाही, हे घरच्यांनीही समजून घ्यावे. अनुसूचित जातीच्या उमेदवाराला नॉन-क्रिमीलेअरचा दाखला लागत नाही. तरी दर भरतीला आपली चार मुले त्यासाठी तहसील कचेरीत हेलपाटे घालताना दिसतात.

तिने वहीत सगळे उतरून घेतले. तिची शाळेतली गोळाफेकीची दोन प्रमाणपत्रे आईने पेटीत जपून ठेवली आहेत. त्यातल्या एकावर नाव चुकीचे पडले आहे. ते दुरुस्त करून घ्यायला सोमवारी ती शाळेत जाणार आहे. सोबत मीही जाईन म्हणतो.