रुमालाखालची किंमत

खरसुंडीच्या यात्रेत खिलार बैलांचा सौदा मी लहानपणी पाहिला होता. दोन माणसं समोरासमोर उभी, हातात हात, त्यावर उपरणं टाकलेलं. कापडाखाली बोटं हलत होती आणि वर दोघांचे चेहरे दगडासारखे स्थिर. कुणी एक बोट धरलं की एक आकडा, मूठ धरली की दुसरा. भोवती गर्दी होती, पण भाव कळत होता तो त्या दोघांनाच. वाशीच्या बाजारात हापूसच्या पेट्याही अशाच रुमालाखाली विकल्या जात.

ती बोटं मला परत आठवली गेल्या जानेवारीत, मावशीबरोबर सांगली-मिरज रस्त्यावरच्या एका शोरूममध्ये बसलो असताना. मावशी निवृत्त शिक्षिका, पहिलीच गाडी घेत होती. समोर कोटेशनचा कागद आला. एक्स-शोरूम आठ लाख, खाली सात-आठ ओळी, तळाशी ऑन-रोडची जाड अक्षरातली बेरीज. विक्रेता नम्र होता, पण बोलायचा सगळं माझ्याकडे बघून. “सर, मॅडमसाठी पन्नास हजारांपर्यंत बसवून देतो.”

मावशीनं त्याला शाळेत विचारावा तसा प्रश्न विचारला. “हे पन्नास हजार तुम्ही कुणाच्या खिशातून देणार?”

या प्रश्नाने मला पुढचे कित्येक दिवस झोपू दिलं नाही. कारण हिशेब लागत नव्हता. मोटारीच्या विक्रीवर डीलरला सुटणारी रक्कम आपल्याकडे साधारण तीन ते पाच टक्क्यांच्या घरात असते. आठ लाखांवर चार टक्के म्हणजे ३२ हजार. त्यातच जागेचं भाडं, पगार, वीज, चहा. मग ३२ हजार सुटणाऱ्या गाडीवर ५० हजारांची सूट देऊन दुकान चालतं कसं?

याचं उत्तर शोधायला गाडीच्या मागेमागे जावं लागतं.

कारखान्यातून निघालेली गाडी कंपनीच्या दृष्टीने तेव्हाच विकली गेलेली असते. डीलरनं ती विकत घेतलेली असते, बहुतेक वेळा बँकेच्या पैशानं. मग ती गावाबाहेरच्या स्टॉकयार्डात, शेकडो गाड्यांच्या रांगेत, धूळ खात उभी राहते आणि तिच्यावर व्याज चालू होतं. आठ लाखांवर वर्षाला नऊ टक्के धरले तर दिवसाला जवळपास २०० रुपये. इंजिन बंद, चाकं थांबलेली, तरी गाडी रोज दोनशे रुपये जाळते आहे! दोन महिने उभी राहिली की १२ हजारांच्या आसपास गेले. एकाच मॉडेलच्या, एकाच रंगाच्या, शेजारी शेजारी उभ्या दोन गाड्यांची डीलरला पडलेली किंमत म्हणून वेगळी असते, आणि ती कुठल्याही काचेवर लिहिलेली नसते. २०२४ च्या दसऱ्या-दिवाळीच्या तोंडावर देशभरच्या डीलरांच्या ‘फाडा’ या संघटनेनं सांगितलं होतं की गाड्यांचा साठा ८० ते ८५ दिवसांवर गेला आहे, जवळपास ७९ हजार कोटींच्या गाड्या विक्रीवाचून उभ्या आहेत. संघटनेच्या मते हा साठा २१ दिवसांचा असावा. त्या आकड्याकडे आता मी बातमी म्हणून पाहू शकत नाही. दर सकाळी देशभरच्या मैदानांवर उगवणारं व्याजाचं ते पीक मला दिसतं.

पण खरी थक्क करणारी गोष्ट याच्याही पुढची आहे. कंपनी डीलरला महिन्याचं टार्गेट देते आणि ते गाठलं की वेगळी रक्कम देते. योजना दर कंपनीची, दर महिन्याची निराळी. त्यातली एक साधी मांडणी बघा. समजा महिन्याला ४० गाड्या विकल्या तर प्रत्येक गाडीमागे पाच हजार, आणि तेही पहिल्या गाडीपासून. ३९ गाड्या विकल्या तर शून्य. मग चाळिसाव्या गाडीची किंमत काय? ती एकटी डीलरला दोन लाख रुपये मिळवून देते! ती गाडी तोट्यात गेली तरी त्याला परवडतं. ही चढण नाही, पायरी आहे. पायरीच्या अलीकडे उभ्या असलेल्या माणसाला शेवटचं पाऊल टाकण्यासाठी लागेल ते द्यायची तयारी असते, आणि पायरी चढून गेलेल्याला, किंवा पायरी खूपच लांब राहिलेल्याला, तुमची काही गरज नसते. महिन्याच्या ३ तारखेला “सर, एक रुपया कमी होणार नाही” म्हणणारा माणूस २९ तारखेला स्वतःहून फोन का करतो, याचं उत्तर या पायरीत आहे. आणि कधी २९ तारखेलाही का करत नाही, याचंही.

आपल्या महाराष्ट्राचं पंचांगही या हिशेबात शिरलेलं आहे. पाडवा, अक्षय तृतीया, दसरा, धनत्रयोदशी या दिवशी शोरूमबाहेर हारांची रांग लागते, तर पितृपक्षात तिथं शुकशुकाट. पण सणासाठी मागवलेल्या गाड्या पितृपक्षातच यार्डात येऊन उभ्या राहतात आणि व्याज काही पक्ष पाळत नाही. बोलणी त्या पंधरवड्यात करून ठेवावी आणि गाडी घटस्थापनेनंतर घरी आणावी, हे मला मुहूर्ताचा मान राखणारं आणि शहाणपणाचंही वाटतं.

आता परत त्या कागदाकडे. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रस्ता कर, म्हणजे मावशीचे ८८ हजार. तिथं घासाघीस नाही, तो सरकारचा. गाडी दहा लाखांच्या वर गेली तर एक टक्का ‘टीसीएस’, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा केलेला कर, हाही लागतो, पण तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि आयकर भरताना वळता करून घेता येतो. अनेक जण तो खर्च समजून सोडून देतात, याचं मला वाईट वाटतं.

विम्याची ओळ मात्र नीट थांबून वाचण्यासारखी आहे. तिच्या पोटात दोन विमे असतात. आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा थर्ड पार्टी विमा नव्या मोटारीला एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो आणि त्याचा हप्ता सरकार ठरवतं. हजार ते पंधराशे सीसीच्या गाडीला १०,६४० रुपये आणि वर जीएसटी असेल तो, कुठल्याही कंपनीकडे जा. दुसरा भाग स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. त्याचे दर २००७ पासून खुले झाले आहेत. म्हणजे एकाच ओळीचा अर्धा भाग खडकासारखा आणि अर्धा लोण्यासारखा! शोरूममधूनच विमा घ्यायची सक्ती कुणी करू शकत नाही. मावशीनं त्याच गाडीचा, गाडीची तीच किंमत धरून, झीरो डेप्रिसिएशनसह, म्हणजे घसारा न कापता भरपाई देणारा विमा बाहेर विचारला, तर तो बराच स्वस्त निघाला. ते दोन कागद तिनं शेजारी शेजारी ठेवले तेव्हा विक्रेत्यानं कॅल्क्युलेटर पुढं ओढला आणि शोरूमचा विमाही खाली आला. पन्नास हजारांची सूट कुठून येते, हे तेव्हा मला उमगलं. विम्यावरचं, कर्जावरचं, सीट कव्हर आणि मॅटवरचं उत्पन्न, जुन्या गाडीच्या फेरविक्रीतला फायदा, कंपनीची योजना, टार्गेटची पायरी. एका गाडीच्या आत सहा-सात दुकानं चालू असतात. एका दुकानातून काढून दुसऱ्यात टाकलेलं आपल्याला सूट म्हणून दिसतं. म्हणून एकेका ओळीवर भांडण्यापेक्षा शेवटची ऑन-रोड रक्कम लेखी घेणं आणि मग तिच्यातली प्रत्येक ओळ उलगडून मागणं, हाच मला खरा मार्ग वाटतो.

आणि ‘हँडलिंग चार्जेस’. कुठल्याही सरकारी फीच्या तक्त्यात नसलेली ओळ. हिचा इतिहास अमेरिकेत सापडला तेव्हा मी खुर्चीतून उठलोच. तिथं १९५० च्या दशकात न झालेल्या वाहतुकीचा खर्चही गिऱ्हाइकाच्या बिलात येई. ओक्लाहोमाचे सिनेटर माइक मनरोनी यांनी १९५८ मध्ये कायदा करून घेतला की प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर तिची किंमत, जोडलेल्या वस्तू आणि वाहतूक खर्च छापलेला चिकटवलाच पाहिजे. त्या कागदाला तिथं अजून त्यांच्याच नावानं ओळखतात. एका कागदानं रुमालाचा एक कोपरा उचलला.

पूर्ण उचलला नाही, हे पुढं संशोधकांनी दाखवलं. इयन एअर्स आणि पीटर सिगेलमन यांनी शिकागोच्या शोरूममध्ये माणसं पाठवली, सगळ्यांना एकच बोलणं शिकवून. तीनशेहून जास्त सौदे झाले. १९९५ मध्ये निष्कर्ष छापले गेले. गोऱ्या पुरुषांना सांगितलेला भाव सर्वांत कमी, स्त्रियांना जास्त, आणि काळ्या पुरुषांना शेवटी सुमारे अकराशे डॉलर जास्त. शब्द तेच, गाडी तीच, फक्त समोरचा चेहरा वेगळा. हे वाचताना मला मावशीऐवजी माझ्याकडे बघून बोलणारा तो विक्रेता आठवला. पुढं आणखी एका अभ्यासात दिसलं की जे गिऱ्हाईक इंटरनेटवरून आधीच भाव मागवून येतात, त्यांच्यात वंशावरून पडणारा हा फरक जवळजवळ पुसला जातो.

या सगळ्यात मला सर्वांत सुंदर वाटलेला शोध २००६ चा. मेगन बसी, होर्हे सिल्वा-रिसो आणि फ्लोरियन झेटलमायर यांनी अमेरिकी कंपन्यांच्या सवलती तपासल्या. कंपनीनं सवलत जाहीर करून थेट गिऱ्हाइकाला दिली, तर तिच्यातला ७० ते ९० टक्के भाग गिऱ्हाइकाच्या पदरात पडतो. तीच सवलत गाजावाजा न करता डीलरला दिली, तर गिऱ्हाइकापर्यंत पोचतात फक्त ३० ते ४० टक्के. पैसे तेच, गाडी तीच. फरक एवढाच की एका वेळी गिऱ्हाइकाला पैसे आहेत हे माहीत होतं आणि दुसऱ्या वेळी नव्हतं. म्हणजे ज्याला आपण गाडीची किंमत म्हणतो, तिच्यातला काही भाग पत्र्याचा नाही, रबराचा नाही, कराचाही नाही. तो दोन माणसांना काय काय ठाऊक आहे यातल्या अंतराचा आहे! खरसुंडीत कापडाखाली दोघांचेही हात होते. शोरूममध्ये कापडाखाली एकाचाच हात असतो, दुसरा वरून चाचपडतो.

मावशीनं कोल्हापूर आणि साताऱ्याच्या शोरूमना फोन करून लेखी कोटेशन मागवली, रंगाचा हट्ट सोडला, आणि महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात परत सांगलीला गेली. “मागच्या वर्षीची गाडी यार्डात असेल तर चालेल,” म्हणाली. चार वर्षांनी विकणाऱ्यानं हे करू नये, नोंदणी पुस्तकातलं जुनं साल पुढं विकताना आडवं येतं. मावशी बारा-पंधरा वर्षं वापरणार. हँडलिंगच्या ओळीवर मॅनेजरनं स्वतःच्या पेनानं रेघ मारली.

पैसे भरण्याआधी तिला ती गाडी बघायची होती, हार-फुलं आणि लाल साटीनचं कापड चढायच्या आधीची. यार्डात गेलो. चासी नंबर सतरा अक्षरांचा असतो. भारतात बनलेल्या गाडीचा बहुधा ‘एम’नं सुरू होतो, आणि शून्य-एक या आकड्यांशी घोटाळा नको म्हणून आय, ओ, क्यू ही अक्षरं त्यात कधीच नसतात. दहावं अक्षर सालाचं. ‘आर’ २०२४, ‘एस’ २०२५, ‘टी’ २०२६. मावशीनं चष्मा पुसला, मोबाइलचा उजेड धरला आणि बोट ठेवत मोजत गेली. दहाव्यावर थांबली. ‘एस’. सगळा नंबर वहीत उतरवून घेतला, कोटेशनवरच्या नंबराशी ताडून पाहिला.

मग बॉनेटवरच्या धुळीतून तिनं बोट ओढलं. खाली चकचकीत निळा रंग निघाला.

“दोन महिने दोनशे रुपये रोज खात उभी होतीस होय गं,” ती गाडीला म्हणाली.