थायलंडला निघण्याआधी : आगमन कार्ड आपले आपणच भरू या



हल्ली बचत गटाच्या, भिशीच्या, निवृत्त शिक्षिकांच्या सहली थायलंडला निघू लागल्या आहेत. मुंबईहून बँकॉक विमानाने साधारण चार तासांवर आहे. तिकीट, हॉटेल, बरोबर न्यायचा खाऊ यांवर महिनाभर चर्चा होते. पण ‘आगमन कार्ड’ हा शब्द बऱ्याच जणींच्या कानावर पडतो तो निघायच्या आदल्या दिवशी. मग धावपळ होते. त्या धावपळीत चुका होतात आणि कधी कधी विनाकारण पैसेही जातात. म्हणून हे कार्ड काय असते, कधी, कुठे आणि कसे भरायचे, ते आज आपण सावकाश समजून घेऊ. जवळ वही-पेन असेल तर घेऊन बसा.

पूर्वी विमानात किंवा विमानतळावर हातात एक कागद मिळायचा. नाव, पासपोर्ट क्रमांक, मुक्कामाचा पत्ता लिहून तो अधिकाऱ्याला द्यायचा. थायलंडमध्ये त्या कागदाला ‘टीएम सहा’ म्हणत. १ मे २०२५ पासून त्याची जागा ‘थायलंड डिजिटल अरायव्हल कार्ड’ने घेतली आहे. त्याचे छोटे नाव टीडीएसी. विमानाने जा, बोटीने जा की शेजारच्या देशातून रस्त्याने जा, थायलंडचे नागरिक नसलेल्या प्रवाशांना ते भरावे लागते. कडेवरच्या बाळाचेही वेगळे कार्ड लागते.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. हे कार्ड म्हणजे व्हिसा नव्हे. व्हिसा ही देशात येण्याची परवानगी. कार्ड म्हणजे ‘मी कोण, कशाने येतेय, कुठे राहणार’ ही आपण दिलेली माहिती. व्हिसाचे नियम वेळोवेळी बदलतात, ते तिकीट काढण्यापूर्वी वेगळे पाहून घ्यायचे. कार्ड भरले म्हणजे व्हिसाचे काम झाले, असे समजू नका.

आता पैशांचा प्रश्न. हे कार्ड पूर्णपणे मोफत आहे. थायलंडचे इमिग्रेशन खाते त्यासाठी एक पैसाही घेत नाही. त्यांच्या संकेतस्थळाचा पत्ता सांगतो, लिहून घ्या : टीडीएसी डॉट इमिग्रेशन डॉट गो डॉट टीएच. त्यातले शेवटचे ‘गो डॉट टीएच’ महत्त्वाचे. थायलंडच्या सरकारी संकेतस्थळांचा पत्ता असा संपतो. फोनवर नुसते ‘थायलंड अरायव्हल कार्ड’ शोधले की कित्येकदा सर्वांत वर जाहिराती येतात. त्यांतली काही पाने हुबेहूब सरकारी वाटतात, वर झेंडाही असतो, आणि शेवटी कार्डाने पैसे भरायला सांगतात. अशा बनावट पानांबद्दल थायलंडच्या इमिग्रेशन खात्यानेही प्रवाशांना सावध केले आहे. तिथे प्रश्न फक्त पैशांचा नसतो. आपला पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख, फोन आणि बँकेच्या कार्डाचा नंबर, हे सगळे एका अनोळखी माणसाच्या हाती जाते. म्हणून सोपी खूण ठेवा : या कार्डासाठी पैसे किंवा ओटीपी मागितला, की ते पान बंद करायचे. चुकून पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा आणि बँकेलाही कळवा.

कार्ड कधी भरायचे? थायलंडला पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत. महिनाभर आधी भरून ठेवता येत नाही. समजा, तुम्ही १० तारखेला उतरणार आहात, तर ८ किंवा ९ तारखेला दुपारची कामे आवरून बसा आणि भरून मोकळ्या व्हा. विमानतळावर पोहोचल्यावर बघू, असे करू नका. तिथे रांग असते, फोनला नेट मिळेलच असे नाही, आणि चष्मा नेमका सामानाच्या बॅगेत गेलेला असतो.

भरायला बसताना चार गोष्टी जवळ ठेवा : पासपोर्ट, तिकीट, हॉटेलच्या बुकिंगचा कागद आणि फोन, ज्यात आपला स्वतःचा ईमेल उघडता येईल. ईमेल एजंटचा किंवा भाच्याचा देऊ नका, कारण कार्ड त्याच ईमेलवर येते. आपला ईमेल नसेल, तर सहलीच्या आधी मुलीकडून, सुनेकडून उघडून घ्या आणि पासवर्ड वहीत लिहून ठेवा.

फॉर्म मराठीत नाही, इंग्रजीत भरायचा आहे. त्यातले बहुतेक रकाने साधे आहेत. पण आपल्या बायकांची गाडी अडते ती पहिल्याच रकान्यात, म्हणजे नावात. आधारवर एक नाव, बँकेत दुसरे, पासपोर्टवर माहेरचे आडनाव आणि लोक हाक मारतात ते सासरचे! इथे नियम एकच : पासपोर्टवर जे आहे तेच लिहायचे. आपल्या पासपोर्टवर दोन ओळी असतात. ‘सरनेम’च्या ओळीत जे असेल ते आडनावाच्या रकान्यात. ‘गिव्हन नेम’च्या ओळीत जेवढे शब्द असतील, तेवढेच, त्याच क्रमाने नावात. त्या ओळीत नवऱ्याचे किंवा वडिलांचे नाव असेल तर ते गाळू नका, नसेल तर आपल्या मनाने घालू नका. पासपोर्टवर माहेरचे आडनाव असेल तर कार्डावरही तेच. आणि तिकिटावरचे नाव जुळते ना, हेही याच वेळी बघून घ्या.

पासपोर्ट क्रमांकात इंग्रजी ‘ओ’ आणि शून्य यांचा घोळ होतो. भारतीय पासपोर्टचा क्रमांक म्हणजे सुरुवातीला एक अक्षर आणि पुढे ७ आकडे. म्हणजे पहिल्या जागेनंतर गोल दिसले की ते शून्यच.

तारखेचीही गंमत आहे. थायलंडमध्ये बौद्ध शक वापरतात, तो इसवी सनापेक्षा ५४३ वर्षांनी पुढे असतो. म्हणून तिथल्या कॅलेंडरवर २०२५ ऐवजी २५६८ दिसते. त्याने गोंधळू नका. कार्डात पासपोर्टवरचे नेहमीचे इसवी सनच लिहायचे. खरी चूक होते ती पोहोचण्याच्या तारखेत. ९ तारखेला रात्री उशिरा मुंबईहून निघालात तर बँकॉकला १० तारखेला उतरता. तिथले घड्याळही आपल्यापेक्षा दीड तास पुढे असते. कार्डात उतरण्याची तारीख हवी, निघण्याची नव्हे. वाटेत विमान बदलणार असाल तर थायलंडमध्ये जे विमान उतरणार आहे त्याचा क्रमांक द्यायचा.

मग येतो मुक्कामाचा पत्ता. इथे प्रांत निवडायला सांगतात आणि ‘पट्टाया’ शोधून शोधून बायका दमतात. पट्टाया हे शहर आहे; ते चोनबुरी प्रांतात येते. फुकेत मात्र स्वतःच प्रांत आहे, तसेच क्राबीही. हॉटेलच्या कागदावर पूर्ण पत्ता असतो, त्यात प्रांत आणि पिनकोड दिलेला असतो, तो समोर ठेवा.

‘व्यवसाय’ हा रकाना आला की आपला हात थांबतो. गृहिणी असाल तर ‘हाउसवाइफ’ लिहा, त्यात कमीपणा काहीच नाही. पण खानावळ चालवत असाल, शिवणकाम करत असाल, शेती बघत असाल, तर ते लिहा. अधिकाऱ्याने विचारले तर सांगायला तेच सोपे, कारण ते खरे आहे. रोज पंचवीस डबे करणारी बाई ‘काही करत नाही’ असे आपण कुठेच लिहायला नको, परदेशाच्या कागदावर तर नाहीच.

शेवटी आरोग्याचा भाग. गेल्या दोन आठवड्यांत कोणकोणत्या देशांत होतात, ते विचारतात. आपण इथूनच निघालो असू तर भारत निवडायचा.

सगळे भरले की लगेच पाठवू नका. चहा ठेवा, चष्मा पुसा आणि पासपोर्टशी एकेक अक्षर ताडून पाहा. पाठवल्यावर ईमेलवर कार्ड येते, त्यात क्यूआर कोड असतो. त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा आणि एक छापील प्रत पर्समध्ये ठेवा. फोनची बॅटरी संपली तरी कागद संपत नाही. हॉटेल किंवा विमान बदलले तर उतरण्यापूर्वी दुरुस्ती करता येते. नाव, पासपोर्ट क्रमांक, राष्ट्रीयत्व किंवा जन्मतारीख चुकली असेल तर मात्र नवे कार्ड भरावे लागते. तेही मोफतच. आणि मध्येच कंबोडियाला जाऊन परत थायलंडमध्ये येणार असाल, तर परत येताना पुन्हा नवे कार्ड हवे.

तीन देशांची एकत्र सहल असेल तर सिंगापूर आणि मलेशियाचीही अशीच वेगवेगळी कार्डे असतात. तीही मोफत, आणि तीही पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांतच. एका देशाचे कार्ड दुसऱ्या देशात चालत नाही. म्हणून वहीत तीन तारखा लिहा आणि प्रत्येकीसमोर कार्ड कधी भरायचे ते लिहा.

सहल नेणारी कंपनी म्हणेल, ‘ताई, आम्ही भरतो, तुम्ही काळजी करू नका.’ भरू द्या, हरकत नाही. पण त्याची प्रत निघण्यापूर्वी मागून घ्या आणि वाचा. कार्डावर नाव आपले असते. अधिकाऱ्याच्या खिडकीपुढे एकेकीला उभे राहावे लागते, आणि तिथे उत्तर आपल्यालाच द्यायचे असते. कुठे उतरणार, किती दिवस राहणार, परत कधी जाणार, हे ज्या बाईने स्वतः भरले आहे तिला ते विचारताच सांगता येते.

एखादीला फोनवर लिहायला जमत नसेल, तर गटात दोघी-दोघींनी बसा. एकीने पासपोर्ट वाचायचा, दुसरीने लिहायचे, मग अदलाबदल. दोन कार्डे झाली की तिसऱ्या मैत्रिणीला शिकवायला तुम्हीच जाल.

तुमचा प्रवास सुखाचा होवो.