घरात आलेली खार

खार कुणाला ठाऊक नाही? लिंबावर, चिंचेवर, माळवदावर ती दिवसभर पळत असते. कोणी तिला खारोटी म्हणतात. सेतू बांधताना खारीने अंगाला वाळू लावून ती समुद्रात झटकली, म्हणून रामाने तिच्या पाठीवरून बोटे फिरवली, ही गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. पण नीट पाहा. काही खारींच्या पाठीवर तीन पट्टे असतात, काहींच्या पाच. तीन पट्ट्यांची खार दक्षिणेकडे जास्त, पाच पट्ट्यांची उत्तरेकडे. रामाने कुणाच्या पाठीवरून किती बोटे फिरवली, ते त्यालाच माहीत!

आमचे गाव लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात. वळवाचा पाऊस आला, वावटळ सुटली, की झाडावरचे खारीचे घरटे खाली येते. गोधडीतला कापूस, सुतळी, गवत, देवापुढच्या वाती, असे सगळे चोरून तिने ते बांधलेले असते. घरट्याबरोबर पिल्लेही पडतात.

असे एक पिल्लू आम्हाला प्रथम सापडले तेव्हा आम्ही काय केले ते सांगतो. पिल्लू अंगठ्याएवढे. अंगावर लव नाही, डोळे मिटलेले. आम्हाला दया आली. वाटीभर म्हशीचे दूध आणले, पिल्लाला उताणे धरले आणि कापसाच्या बोळ्याने तोंडात दूध पिळले. दूध नाकातून बाहेर आले. रात्री पिल्लू घरघरू लागले. पहाटे मेले. त्याचे आयुष्य तेवढेच होते, असे आम्ही म्हणालो. पुढे जनावरांच्या एका डॉक्टरांना ही हकिगत सांगितली. ते म्हणाले, "दूध फुप्फुसात गेलं. तुम्हीच पाजून मारलंत त्याला." बोलणे कडू होते, पण खरे होते.

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा घरटे पडले. या वेळी पिल्ले तीन होती. आमच्या आत्याबाई म्हणाल्या, "हात लावू नगा. माणसाचा वास लागला की माय घेत नसती." हा समज गावोगाव आहे, पण तो खरा नाही. खारीला आपले पिल्लू हवेच असते. आम्ही एका खोक्यात चिंध्या घातल्या, पिल्ले ठेवली आणि खोके त्याच लिंबाला बांधले. मांजराला कोंडले आणि लांब ओसरीत बसलो. तासाभराने आई आली. तिने एक पिल्लू तोंडात धरले आणि नेले. मग दुसरे नेले. तिसऱ्यासाठी मात्र ती आलीच नाही. अंधार पडला. रात्री खार फिरत नाही. आत्याबाईच उठल्या. "आणा इकडं ते लेकरू, थंडीनं कुडकुडायलंय," म्हणाल्या.

गार पडलेल्या पिल्लाला लगेच काही पाजू नये. त्याच्या पोटात ते पचत नाही. आधी ऊब द्यावी. बाटलीत गरम पाणी भरले, तिला फडके गुंडाळले आणि बाटलीशेजारी पिल्लू ठेवले. अंग उबदार झाल्यावर कोमट मीठ-साखर-पाण्याचे थेंब दिले. दुसऱ्या दिवसापासून शेळीचे दूध, त्यात निम्मे उकळलेले पाणी. पाजायला औषधाची बारीक पिचकारी घेतली, सुई काढलेली. पिल्लू पालथे धरायचे, डोके जरा वर, आणि एकेक थेंब ओठाला लावायचा. त्याने चाटले की पुढचा थेंब. घाई केली की घात झालाच. पाजून झाल्यावर ओल्या कापसाने पोटाखाली हळूच पुसायचे, तेव्हा ते लघवी करते. आई चाटून हेच काम करते. रात्रीसुद्धा दोनदा उठावे लागे. घरात तान्हे मूल असल्यासारखेच झाले.

पिल्लू जगले. डोळे उघडले, शेपटी झुपकेदार झाली. मुलांनी तिचे नाव चिंगी ठेवले. आता खरी मजा सुरू झाली, आणि तापही. चिंगी खुंटीवरच्या सदऱ्याच्या बाहीत झोपायची. शेंगा चपलेत लपवायची. गोधडी कुरतडली, आमच्या साक्षरतेच्या वर्गाचे पुस्तक कुरतडले, आणि एके दिवशी विजेची तार! तार बंद होती म्हणून बरे. यात खारीचा दोष नाही. तिचे पुढचे दात जन्मभर वाढतात. कुरतडून झिजवले नाहीत तर ते इतके लांब होतात की खाता येत नाही. म्हणून तिला लिंबाची काडी, चिंचेची साल, कठीण बी द्यावे. नुसत्या शेंगदाण्यावर ठेवू नये. त्याने हाडे ठिसूळ होतात, पाय लुळे पडतात. पाला, कळ्या, फळ आणि सकाळचे ऊन तिला हवेच.

धाकट्याने तिला मुठीत आवळले तेव्हा ती कडाडून चावली. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुतली आणि त्याला दवाखान्यात नेले. खारीपासून रेबीज होणे फार विरळा, पण चावल्यावर डॉक्टरांना दाखवावे. तिथे आपली अक्कल चालवू नये.

मग प्रश्न आला, तिला ठेवायचे की सोडायचे? मुले रडू लागली. कायदा काय म्हणतो, तेही पाहावे लागते. रानातली जनावरे पकडून पाळण्यावर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंधने घातली आहेत. पिल्लू वाचवायला उचलले तर वनखात्याला कळवावे. त्यासाठी १९२६ हा फोन आहे. दुखणे असेल तर उदगीरला जनावरांच्या डॉक्टरीचे कॉलेज आहे.

पण आम्हाला वाट दाखवली ती हिंदीतल्या थोर लेखिका महादेवी वर्मा यांनी. अलाहाबादेत कावळ्यांनी टोचलेले खारीचे पिल्लू त्यांना सापडले. त्यांनी ते जगवले आणि नाव ठेवले गिल्लू. 'मेरा परिवार' या १९७२ च्या पुस्तकात त्याची गोष्ट आहे. गिल्लू खिडकीच्या जाळीशी बसून बाहेरच्या खारींकडे बघू लागला, तेव्हा बाईंनी जाळीचा एक कोपरा मोकळा केला. गिल्लू दिवसभर बाहेर हिंडे आणि संध्याकाळच्या आत घरी येई.

आम्हीही माळवदाचे झरोके उघडे ठेवले. पहिला दिवस चिंगी उंबऱ्याशीच घुटमळली. दुसऱ्या दिवशी लिंबावर गेली, तिथल्या खारींनी तिला हाकलून लावले. आठ दिवस असेच चालले. काळजी होती ती मांजराची. माणसाच्या हातची खार मांजराला भीत नाही. दहा दिवस मांजर खोलीत कोंडून ठेवले, त्याने ओरडून घर डोक्यावर घेतले. मग एका संध्याकाळी चिंगी आलीच नाही. धाकटा जेवला नाही. आम्हीही कंदील घेऊन लिंबाखाली दोनदा जाऊन आलो.

चौथ्या दिवशी सकाळी लिंबावर दोन खारी एकमेकींमागे पळताना दिसल्या. त्यांतली चिंगी कोणती, ते ओळखू येईना. आत्याबाई म्हणाल्या, "डावीकडली. चाल बघा की तिची." आता त्या रोज माळवदावर परळात पाणी ठेवतात आणि बाजूला चार शेंगा.