शेल एलियस आणि बिल्डमधील बिघाड

शेल एलियस म्हणजे युनिक्स व तत्सम संचालन प्रणालींच्या शेलमध्ये एखाद्या आज्ञेला दिलेले टोपणनाव होय. टोपणनाव टंकताच शेल त्याच्या जागी ठरवून दिलेला मजकूर ठेवतो व मग आज्ञा पार पाडतो. ही सोय टंकणाऱ्या माणसासाठी आहे. मात्र प्रचलित आज्ञेचेच नाव एलियसला दिले, तर सॉफ्टवेअरचा बिल्ड, म्हणजे मूळ संहितेपासून वापरण्याजोगा प्रोग्रॅम तयार करण्याची प्रक्रिया, बिघडू शकते. अशा वेळी त्रुटीसंदेश निर्दोष फाइलकडे बोट दाखवतो आणि तोच बिल्ड दुसऱ्या संगणकावर सुरळीत पार पडतो.

बिघाडाचे स्वरूप

• मजकूर शोधणाऱ्या ‘ग्रेप’ आज्ञेला ‘रंग नेहमी दाखव’ हा पर्याय जोडला असल्यास तिच्या उत्तरात रंगाचे अदृश्य संकेत मिसळतात. ते उत्तर फाइलचे नाव म्हणून पुढे वापरल्यास अस्तित्वात असलेली फाइलही सापडत नाही.
• नक्कल करणाऱ्या ‘सीपी’ आज्ञेला आधी परवानगी विचारण्याचा पर्याय जोडला असल्यास बिल्ड उत्तराची वाट पाहत थांबतो, अथवा जुनी फाइल तशीच राहते.
• फंक्शन आणि एलियस यांचे नाव एकच असल्यास बॅश शेल फंक्शनच्या व्याख्येपाशीच व्याकरणदोष दाखवतो.

एलियस केव्हा लागू होतो

बॅशमध्ये स्वतंत्रपणे चालवलेल्या स्क्रिप्टमध्ये एलियस सहसा लागू होत नाहीत. ‘मेक’ ही प्रणालीही आपल्या आज्ञा वेगळ्या शेलमध्ये चालवते. परंतु ‘सोर्स’ आज्ञेने स्क्रिप्ट चालू शेलमध्येच वाचली, तर वापरकर्त्याचे सर्व एलियस तिला लागू होतात. सी शेल स्क्रिप्ट चालवतानाही वापरकर्त्याची प्रारंभ फाइल वाचतो. ते टाळण्यासाठी अशा स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत ‘एफ’ पर्याय लिहिण्याचा प्रघात आहे. झी शेलमध्ये प्रत्येक वेळी वाचल्या जाणाऱ्या प्रारंभ फाइलीत एलियस लिहिल्यास ते स्क्रिप्टलाही लागू होतात.

निदान

‘टाइप’ या आज्ञेपुढे संशयित आज्ञेचे नाव दिल्यास ती एलियस आहे की फंक्शन की फाइल, हे कळते. ‘विच’ ही आज्ञा बॅशमध्ये बहुधा केवळ फाइली शोधते. म्हणून तिच्यावर विसंबू नये. त्यानंतर प्रारंभ फाइली न वाचता नवा शेल उघडून त्यात बिल्ड चालवावा. तो यशस्वी झाल्यास दोष संहितेत नसून वापरकर्त्याच्या मांडणीत आहे, असे अनुमान निघते. मात्र हा दोष एलियसचाच असेल असे नाही. पर्यावरण चलांमुळेही असाच परिणाम होतो. ग्रेपचे पर्याय ठरवणारे चल स्क्रिप्टपर्यंत पोहोचून घोटाळा करत असे. ग्नू ग्रेपच्या 2014 मधील 2.21 या आवृत्तीपासून ते कालबाह्य ठरवण्यात आले.

उपाय

आज्ञेच्या आधी उलटी तिरकी रेघ दिल्यास त्या वेळेपुरता एलियस टळतो. ‘कमांड’ हा शब्द आधी लिहिल्यास एलियस आणि फंक्शन दोन्ही टळतात. ‘अनएलियस’ आज्ञेने एलियस चालू शेलमधून काढून टाकता येतो. कायमचा उपाय म्हणजे मूळ आज्ञेचे नाव एलियसला न देता वेगळे नाव निवडणे, तसेच रंगासाठी ‘नेहमी’ऐवजी ‘स्वयंचलित’ पर्याय ठेवणे. मग रंगाचे संकेत केवळ पडद्यावर जातात, दुसऱ्या आज्ञेकडे जात नाहीत. स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांनी ती शक्यतो सोर्स करण्याऐवजी स्वतंत्रपणे चालवता येईल अशी रचावी.