मु. पो. १२ ए

१९४० च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या स्टेशनांवरच्या नावांच्या पाट्या उतरवल्या गेल्या. जर्मन छत्रीधारी सैनिक उतरलेच, तर आपण कुठे आहोत याचा त्यांना पत्ता लागू नये म्हणून. पण त्याच बिननावाच्या स्टेशनांतून धडधडत जाणाऱ्या लंडन मिडलंड अँड स्कॉटिश रेल्वेच्या इंजिनांचा पत्ता मात्र त्यांच्या तोंडावरच होता. स्मोकबॉक्सच्या, म्हणजे पुढच्या धूरपेटीच्या, दारावर, खालच्या बाजूला, वीतभरही नसलेली लंबगोल लोखंडी पट्टी आणि तिच्यावर एक आकडा, एक अक्षर : १ ए, ५ बी, १२ ए.

आपल्याकडे कल्याण किंवा भुसावळ शेडचं इंजिन त्या शेडचं नाव अंगावर घेऊन देशभर हिंडतं, तसाच हा प्रकार. इंजिन कुठेही धावो, त्याचा बॉयलर धुणं, दुरुस्ती करणं, हिशोब ठेवणं हे काम त्याच्या मूळ शेडचं. १९३० च्या दशकाच्या मध्यास या कंपनीने आपल्या शेडांचे गट पाडले. आकडा गटाचा, ‘ए’ हे अक्षर त्यातल्या मुख्य शेडचं, पुढची अक्षरं त्याच्या हाताखालच्या शेडांची. विल्सडन १ ए, कॅम्डन १ बी. क्रू नॉर्थ ५ ए, क्रू साउथ ५ बी. इतर कंपन्यांच्या तऱ्हा वेगळ्या. ग्रेट वेस्टर्न आपली अक्षरं बफरच्या आडव्या तुळईमागे चौकटीवर रंगवी. स्विंडनसाठी ‘एसडीएन’, लंडनच्या ओल्ड ओक कॉमनसाठी ‘पीडीएन’. लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न शेडचं नावच बफरच्या तुळईवर लिहून मोकळी होई.

हे टिपून ठेवणारे होते प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभे राहणारे शाळकरी पोरगे. शिसपेन्सिल, वही आणि खिशात डबा. रेल्वेची छायाचित्रं काढण्यावर युद्धकाळात निर्बंध होते. वहीत आकडे लिहिणाऱ्याकडेही संशयाने पाहिलं जाई. तरीही ही पोरं हटली नाहीत. १९४२ मध्ये सदर्न रेल्वेच्या वॉटर्लू कचेरीत काम करणाऱ्या इयान ॲलन या तरुणाने त्या कंपनीच्या इंजिनांची यादी छापली, किंमत एक शिलिंग. इंजिनांबद्दल विचारणा करणाऱ्या पत्रांना उत्तरं देता देता त्याला हे सुचलं होतं. पुस्तिका हातोहात खपली. पाहिलेल्या इंजिनाच्या नंबराखाली रेघ ओढायची, ही रीत तिने घरोघर पोचवली. १९४४ मध्ये टॅमवर्थला काही मुलं रुळांवर शिरल्यामुळे गडबड झाली, तेव्हा त्यानेच रुळांत न शिरण्याची शपथ घालणारा मुलांचा क्लब काढला.

त्या वह्यांना आज दस्तऐवजाचं मोल आहे, आणि ते भावनेपोटी नव्हे. कंपनीने ठेवलेलं इंजिनाचं नोंदकार्ड सांगतं, ते कुठल्या शेडच्या नावावर होतं. वही सांगते, अमुक दिवशी ते प्रत्यक्ष कुठे होतं. युद्धात या दोहोंत फार अंतर पडलं. उसनवारीवर इंजिनं या कंपनीकडून त्या कंपनीकडे गेली. नॉर्मंडीच्या चढाईआधी अमेरिकन सैन्याची सुमारे ४०० मालगाडी इंजिनं ब्रिटिश रुळांवर राबत होती आणि नंतर खाडीपार गेली. अशा वेळी रेल्वे करस्पॉन्डन्स अँड ट्रॅव्हल सोसायटीसारख्या, १९२८ पासून चाललेल्या हौशी संस्थेच्या मासिकातल्या बारीक टाइपातल्या नोंदी पुन्हा पुन्हा चाळाव्या लागतात.

चाळताना पाय घसरायला जागा पुष्कळ. युद्धखात्यासाठी रॉबर्ट रिडल्सने आखलेली ९३५ ‘ऑस्टेरिटी’ इंजिनं १९४३ पासून बाहेर पडली.  त्यांच्या मूळ नंबरांत पुढे ७०,००० मिळवले गेले. त्यांतली २०० लंडन अँड नॉर्थ ईस्टर्नने विकत घेऊन त्यांना आपले नंबर दिले, आणि रेल्वेच्या राष्ट्रीयीकरणानंतर ती ९०,००० च्या मालिकेत गेली. म्हणजे सहा-सात वर्षांत एकाच इंजिनाला निदान चार नंबर. वहीवर तारीख नसेल तर नुसता नंबर पाहून काही सांगू नये, हे मी या जुन्या वह्या तपासण्याच्या कामातून शिकलो.

नावांचंही तसंच. २९ एप्रिल १९४२ च्या पहाटे यॉर्कवर बॉम्ब पडले आणि शेडमध्ये उभं असलेलं ४४६९ नंबरचं ‘सर राल्फ वेजवुड’ उद्ध्वस्त झालं. ‘मॅलार्ड’ या वेगवान इंजिनाच्याच जातीचं. १९४४ मध्ये तेच नाव ४४६६ नंबरच्या ‘हेरिंग गल’ला देण्यात आलं. त्यामुळे युद्धाच्या अखेरीच्या एखाद्या वहीत हे नाव दिसलं तर पोराने थाप मारली असं समजायचं नाही. त्याने खरंच पाहिलं होतं. फक्त ते दुसरं इंजिन होतं.

मला सर्वांत जास्त दमवलं ते १२ ए ने. युद्धकाळात १२ ए म्हणजे कार्लाइल शहरातलं किंगमूर शेड. शहर इंग्लंडचं, पण शेड मूळ स्कॉटलंडच्या कॅलिडोनियन रेल्वेचं. राष्ट्रीयीकरणानंतर ते स्कॉटिश विभागात गेलं आणि ६८ ए झालं. मग १२ ए हा संकेत त्याच शहरातल्या अपर्बी शेडला मिळाला. १९५८ मध्ये हद्दी पुन्हा बदलल्या आणि किंगमूर परत १२ ए झालं. एकच संकेत, एकच शहर, दोन शेडं. पेन्सिलीने लिहिलेलं ‘१२ ए’ समोर आलं की मी आधी पानाच्या मागेपुढे तारीख शोधतो. तारीख नसली तर शेजारच्या ओळीतली इंजिनं पाहतो : त्यांचे नंबर जुने की नवे, त्यातलं कुठलं भंगारात केव्हा गेलं. तेवढ्यावरून कधी कधी वर्ष हाती लागतं, आणि मग त्या पोरासमोरून गेलेलं इंजिन किंगमूरचं होतं की अपर्बीचं, ते ठरतं.